नाळीची भाजी की बेशरम?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वाचकाचा प्रश्न: गावतळ्यात बेशरमासारखी फुले येणारा वेल तरंगतो. म्हातारी माणसे त्याची भाजी करतात. ती खावी का?

खुशाल खावी, पण ओळख पक्की हवी. तो वेल नाळीचा. शास्त्रीय नाव आयपोमिया ॲक्वॅटिका. बेशरम, म्हणजे आयपोमिया कार्निया, त्याच कुळातली, म्हणून फुलांत सारखेपणा. रताळेही त्यांचेच भावंड!

खरी खूण देठात आहे. नाळीचे देठ बोट दाबताच चेपते, कारण ते आतून पोकळ असते; याच हवेच्या नळीमुळे वेल पाण्यावर तरंगतो आणि नावही त्यावरूनच पडले. पेरापेराला मुळे फुटतात, पाने बाणाच्या टोकासारखी असतात. बेशरम मात्र ताठ उभे झुडूप, पान बदामी. त्यात स्वेनसोनीन हे विष असते. चारा नसताना ते खाणाऱ्या शेळ्यांना थरथर सुटते, तोल जातो.

कोवळे शेंडे खुडून लसूण-मिरचीच्या फोडणीत परतावेत किंवा तुरीच्या डाळीत शिजवावेत. आग्नेय आशियात हीच भाजी कांगकुंग म्हणून रोजच्या ताटात असते.

कच्ची मात्र खाऊ नये. पाणवनस्पतींना जंतांच्या अळ्या चिकटलेल्या असू शकतात. सांडपाण्यातलीही नको, कारण नाळी पाण्यातले जड धातू शोषून घेते. आणि हा कपाशीचा जिल्हा. 2017 साली इथे फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरता येत नाही. फवारलेल्या शेताचे पाणी उतरते त्या डबक्यातली नाळी तोडूच नये.