पिकअपमागे मळणी यंत्र : ओढणे सोपे, थांबवणे अवघड



गळिताचा हंगाम सुरू झाला की किल्लारी, औसा, निलंगा, उमरगा या पट्ट्यातले ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला लागतात. नेमकी त्याच दिवसांत तूर मळायला येते आणि तिच्या मागोमाग हरभरा. मळणी यंत्र शेजारच्या गावात उभे, ट्रॅक्टर कुणाचा मिळत नाही, आणि दारात पिकअप आहे. मग कुणीतरी म्हणतोच, "अहो, मागं हूक आहे की! लावा अन् चला." तीच गोष्ट स्लॅबच्या मिक्सरची, जनरेटरची आणि उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची. म्हणून या विषयावर चार गोष्टी सविस्तर लिहीत आहोत.

हलकी गाडी जड यंत्र ओढते का? ओढते. सपाट रस्त्यावर चाकावरचे ओझे हलवायला फार जोर लागत नाही. आपला बैलसुद्धा आपल्या वजनाच्या कितीतरी पट ऊस गाडीतून ओढतो. प्रश्न ओढण्याचा नाहीच, प्रश्न थांबवण्याचा आहे. पिकअपचे ब्रेक कंपनीने पिकअपच्या भरलेल्या वजनाचा हिशोब करून बसवलेले असतात. मागच्या यंत्राचा त्यात हिशोब नसतो आणि यंत्राला स्वतःचे ब्रेक बहुधा नसतातच. म्हणजे ब्रेक दाबला की गाडी थांबू पाहते आणि यंत्र मागून ढकलत राहते. रस्ता सरळ असला तर थांबायला जास्त अंतर लागते एवढेच. वळणावर असलात तर ते यंत्र गाडीचा मागचा भाग बाजूला सारते, आणि गाडी व यंत्र कैचीसारखे मिटतात. एकदा मिटायला लागले की स्टिअरिंग फिरवून काही उपयोग होत नाही.

वेगाचा हिशोबही लक्षात घ्या. ताशी ४० वरून ६० वर गेलात तर वेग दीडपट झाला असे आपण समजतो. पण थांबवण्यासाठी ब्रेकला जे काम करावे लागते ते सव्वादोन पट होते. आणि उतार आला तर? समजा पिकअप पावणेदोन टन, यंत्र पावणेदोन टन, मिळून साडेतीन टन. वीस फुटाला एक फूट असा साधा उतार असला तरी हे जोडकाम पावणेदोनशे किलोच्या जोराने आपोआप खाली ओढत असते, आणि उतार संपेपर्यंत ओढत राहते. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गियर टाकावा आणि इंजिनाला गाडी धरू द्यावी. ज्या गियरमध्ये चढ चढला असता त्याच गियरमध्ये उतरावे, असा जुन्या ड्रायव्हर लोकांचा ठोकताळा आहे आणि तो योग्य आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून, काही जण तर इंजिनच बंद करून उतार उतरतात. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदतही थोड्या वेळात संपते आणि पेडल दगडासारखे होते. त्या वाचलेल्या डिझेलची किंमत फार मोठी असते.

आता हूक आणि ओझ्याची मांडणी. हे बैलगाडी हाकलेल्याला वेगळे शिकवायला नको. ओझे मागे झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलते आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. ओझे फार पुढे आले तर बैलाच्या मानेवर बसते. दोन चाकी ट्रेलरचे अगदी तसेच आहे. हुकावर थोडा भार पाहिजे, एकूण वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याच्या आसपास. मुळीच भार नसला किंवा हूक वर उचलला जात असला की ट्रेलर शेपटासारखा झोके खाऊ लागतो. भार जास्त झाला तर दुसरी अडचण. समजा हुकावर दीडशे किलो आहेत, हूक मागच्या चाकाच्या एक मीटर मागे आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर आहे. मागच्या चाकांवर तर दोनशे किलो वाढतात, पण पुढच्या चाकांवरचे पन्नास किलो कमी होतात. स्टिअरिंग हलके लागते, आणि मातीवर किंवा ओल्या डांबरावर गाडी वळायला मागत नाही. "मागे पोती भरा म्हणजे गाडी दबून राहते" असे सांगणारे भेटतात. हे निम्मे खरे आहे. पोती केबिनला लागून ठेवली तर चाकांची पकड वाढते, पण त्या पोत्यांनाही तेच ब्रेक थांबवणार आहेत!

झोके सुरू झालेच तर घाबरून ब्रेक मारू नये आणि वेगही वाढवू नये. स्टिअरिंग सरळ घट्ट धरावे, ॲक्सिलेटरवरचा पाय सावकाश काढावा. वेग उतरला की झोके आपोआप विरतात.

यंत्राचे वजन किती, हे विचारले तर दहापैकी नऊ जण अंदाज सांगतात. आपण सभासद मंडळी उसाच्या वजनासाठी काट्यावर किलोकिलोचा हिशोब घालतो, मग यंत्राचे वजन अंदाजाने का? जवळच्या वजनकाट्यावर एकदा यंत्र चढवून वजन करावे आणि रंगाने त्यावरच लिहून ठेवावे. गाडीचे रिकामे आणि भरलेले वजन नोंदणी पुस्तकात असतेच. युरोपातल्या देशांत ब्रेक नसलेल्या ट्रेलरला साधारण ७५० किलोची मर्यादा आहे. आपल्याकडची मोठी मळणी यंत्रे याच्या कितीतरी पुढे जातात. आमचे स्पष्ट मत असे की ब्रेक नसलेले यंत्र रिकाम्या गाडीच्या निम्म्या वजनापेक्षा जड असेल तर ते पिकअपला लावूच नये. दोन दिवस थांबून ट्रॅक्टर पाहावा.

पाण्याचे वेगळे सांगितले पाहिजे. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा टँकर हा शब्द आपल्या घराघरात रोजचा झाला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे सोपे गणित. दोन हजार लिटरची टाकी म्हणजे दोन टन. पण अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेलीपेक्षा फसवी असते. ब्रेक मारला की आतले पाणी पुढे धावते, वळणावर बाजूला धावते, आणि गाडी थांबल्यासारखी वाटत असतानाच मागून धक्का देते. टाकीत भोके पाडलेले आडवे पत्रे बसवून घ्यावेत. ते नसतील तर टाकी भरून न्यावी किंवा रिकामी न्यावी.

निघण्यापूर्वी खाली वाकून पाहावे. बंपरला वेल्डिंग करून लावलेला हूक हा हूक नव्हे; तो चासीला नटबोल्टने आवळलेला पाहिजे. पिनेला काटापिन हवी, तार किंवा खिळा चालणार नाही. साखळ्या दोन, दांडीखालून एकमेकींना छेद देऊन लावाव्यात, म्हणजे पिन निसटली तरी दांडी जमिनीत रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडते. मळणी यंत्र वर्षातले बरेच महिने उन्हात उभे असते, त्याचे टायर वरून चांगले आणि बाजूने तडकलेले असतात. चार-पाच किलोमीटर गेल्यावर थांबून चाकाच्या मध्यभागी हात जवळ न्यावा. चटका बसत असेल तर बेअरिंगमध्ये ग्रीस नाही असे समजावे. ही यंत्रे ट्रॅक्टरच्या चालीसाठी बनवलेली आहेत, तेव्हा पिकअपनेही तीच चाल धरावी.

आणि यंत्रावर माणूस बसवू नये. मजूर, पोरेसोरे, कुणीही नाही.

कायद्याचेही थोडे. १९८९ च्या रस्ता नियमांनुसार मोटारीमागे नोंदणी झालेला ट्रेलर, साइडकार किंवा बिघडलेली वा अपुरी जोडलेली मोटार एवढेच ओढता येत असे. २०१७ मध्ये वाहन चालवण्याचे नवे नियम आले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय भार उतरवण्याचा खर्च. तुमच्या यंत्रासाठी कोणती नोंद लागते ते लातूरच्या आरटीओ कचेरीत आधी विचारून घ्यावे. विमा कंपनीलाही विचारावे, कारण अपघातानंतर पहिला प्रश्न तोच निघतो.

रात्रीचा प्रवास शक्यतो टाळावा. जावेच लागले तर यंत्राच्या मागे लाल दिवा, ब्रेकचा दिवा आणि दोन्ही कडांना चमकणारी पट्टी पाहिजे. नुसते लाल फडके रात्री कुणाला दिसत नाही.

वाटेत थांबलात तर आधी यंत्राच्या चाकांना दगड लावावेत, मगच पिन काढावी. निघताना ते दगड उचलून रस्त्याच्या कडेला टाकावेत. मागून मोटारसायकलवर येणाऱ्याला अंधारात डांबरावरचा दगड दिसत नाही.