‘कोसला’ : मुलगा, वडील आणि मधलें अंतर

शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन दूरच्या शहरीं शिकावयास गेलेला मुलगा घरापासून किती दूर जातो, हें आगगाडीच्या तिकिटावरून सांगतां येत नाहीं. हें अंतर नीट दाखविणारें मराठी पुस्तक कोणतें, असें कोणी विचारल्यास आम्ही श्री. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ या कादंबरीचें नांव घेऊं. आमच्या शाळेंतून दरवर्षीं कित्येक विद्यार्थी वसतिगृहांत राहण्यास बाहेर पडतात. त्यांच्यासाठीं, आणि त्यांच्या मागें घरीं राहणाऱ्या वडील मंडळींसाठींहि, या ग्रंथाचा अल्प परिचय येथें करून देण्याचें योजिलें आहे.

नेमाडे यांचा जन्म २७ मे १९३८ रोजीं खानदेशांतील सांगवी या गांवीं शेतकरी कुटुंबांत झाला. शिक्षणासाठीं ते पुण्यास आले व पुढें इंग्रजीचे अध्यापक झाले. लंडन, गोवें व मुंबई येथेंहि त्यांनीं अध्यापन केलें. ‘मेलडी’ (१९७०) व ‘देखणी’ (१९९१) हे त्यांचे कवितासंग्रह. ‘टीकास्वयंवर’ या समीक्षाग्रंथास १९९० सालचें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें आणि २०१४ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराचा मानहि त्यांना लाभला. ही यादी स्पर्धापरीक्षेंत उपयोगीं पडेल. ग्रंथ समजण्यास तिचा उपयोग थोडाच.

‘कोसला’ १९६३ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां लेखकाचें वय अवघें पंचवीस वर्षांचें होतें. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर हाहि पंचवीस वर्षांचाच. खानदेशांतील खाऊनपिऊन सुखी घरांतला हा मुलगा पुण्यास कॉलेजांत येतो. प्रारंभीं त्याचा उत्साह मोठा. वादविवाद मंडळाचें चिटणीसपद, वसतिगृहांतील अधिकार, संमेलनांतलें नाटक, असें एकामागून एक तो अंगावर घेतो. लोक त्याच्या भिडस्तपणाचा फायदा घेतात, पैसा पाण्यासारखा जातो, अभ्यास मागें पडतो. पुढें तो बेफिकीर होतो, परीक्षेंत नापास होतो आणि पदवीवांचून गांवीं परततो. कथानक म्हणावें तर एवढेंच.

हें कथानक ऐकून कांहीं पालक म्हणतील, कीं असलें पुस्तक मुलांच्या हातीं कशास द्यावें? शंका रास्त आहे. पांडुरंग हा अनुकरणीय विद्यार्थी नाहीं, आणि लेखकानें तसा आव आणलेलाहि नाहीं. परंतु आमचें म्हणणें असें, कीं हें पुस्तक मुलांनीं व पालकांनीं दोघांनींहि वाचावें, आणि निरनिराळ्या रीतीनें वाचावें. पांडुरंगाचे वडील कर्ते, करारी, घरावर जरब बसविणारे आहेत. मुलाला त्यांचा धाक वाटतो, रागहि येतो. तरी खर्चासाठीं हात पसरावयाचा तो त्यांच्यापुढेंच. तरुण वाचक साहजिकच पांडुरंगाच्या बाजूचा होईल. पण सारी हकीकत मुलगाच सांगत आहे, वडिलांना आपली बाजू मांडण्याची संधीच नाहीं, ही गोष्ट त्यानें ध्यानांत ठेवावी. वडील मंडळींनीं उलट हें पाहावें, कीं जो मुलगा शेंकडों पानें बोलतो आहे, त्याला घरीं मात्र बोलतां येत नाहीं. पैशाचा हिशेब दोघांना कळतो. बाकीचा हिशेब कोणी मांडीतच नाहीं. आमच्या मतें कादंबरींतील खरें दुःख परीक्षेच्या निकालांत नसून येथें आहे.

आतां भाषेविषयीं. नायकाच्या तोंडीं ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे दोन शब्द इतक्या वेळां येतात, कीं प्रथम हंसूं येतें. व्याकरणांत किंवा भूमितींत आधीं नियम सांगावा व मग ‘उदाहरणार्थ’ म्हणावें, अशी रीत. पांडुरंगाजवळ नियमच उरलेला नाहीं, नुसतीं उदाहरणें उरलीं आहेत. ‘वगैरे’चें काम याच्या उलट. वाक्य मनाला झोंबूं लागलें, कीं तो शब्द त्यास तेथेंच तोडून टाकतो. शाळेंतल्या निबंधाचे शब्द घेऊन लेखकानें त्यांतून एका मुलाचें मन उभें केलें, हें कवीचेंच काम होय. (आमच्या विद्यार्थ्यांनीं मात्र हा प्रयोग उत्तरपत्रिकेंत करूं नये; परीक्षक रसिक असेलच असें नाहीं.)

कवीचा हात सर्वांत अधिक जाणवतो तो पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूच्या भागांत. एरव्हीं प्रत्येक गोष्टीची थट्टा करणारा हा मुलगा येथें थट्टा करूं शकत नाहीं. हीं पानें वर्गांत मोठ्यानें वाचण्याजोगीं नाहींत, एकट्यानें वाचावींत.

त्या काळच्या वाचकांना फडके–खांडेकर यांच्या घोटीव, अलंकृत कादंबऱ्यांची संवय होती. हें बोलल्यासारखें लेखन त्यांना चमत्कारिक वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु घराण्याच्या दृष्टीनें ‘कोसला’ निराधार नाहीं. हरिभाऊ आपट्यांनीं ‘पण लक्षांत कोण घेतो!’ मध्यें यमूला तिच्याच साध्या शब्दांत बोलूं दिलें होतें. त्याहिपूर्वीं, १८५७ सालीं, बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ निघालें. त्यांत हिंदु विधवांची स्थिति चितारलेली आहे. मराठी कादंबरीची वास्तवाभिमुख वाट याच पुस्तकापासून निघते, असें स्वतः नेमाड्यांनीं आपल्या समीक्षेंत मांडलें आहे. मिशनच्या छापखान्यांतून निघालेल्या जुन्या मराठी पुस्तकांकडे केवळ धर्मप्रसार म्हणून पाहणाऱ्यांनीं हें मत अवश्य विचारांत घ्यावें.

कोसला म्हणजे किड्यानें स्वतःभोंवतीं विणलेला कोश. तो धागा बाहेरून कोणी आणून देत नाहीं. कोशांत किडा सुरक्षितहि असतो आणि कोंडलेलाहि असतो. पांडुरंग पुढें त्यांतून बाहेर पडतो काय, याचें उत्तर लेखकानें दिलेलें नाहीं, व आम्हीहि देत नाहीं.

यानंतर नेमाड्यांनीं ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ व ‘झूल’ या चार कादंबऱ्यांत चांगदेव पाटील या प्राध्यापकाची, एका गांवच्या कॉलेजांतून दुसऱ्या गांवच्या कॉलेजांत होणारी भटकंती रंगविली. त्या मोठेपणीं वाचाव्या. परंतु २०१० सालीं आलेल्या ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ या विस्तीर्ण ग्रंथाचा आरंभ येथें सांगितलाच पाहिजे. त्याचा नायक खंडेराव हाहि खानदेशांतल्या शेतकऱ्याचाच मुलगा. तो शिकून पुराणवस्तुसंशोधक झाला आहे आणि मोहेंजोदडो येथें उत्खननाच्या कामावर आहे. तेथें त्याला वडिलांच्या दुखण्याची वार्ता कळते, आणि हजारों वर्षांपूर्वींचीं घरें तशींच उघडीं टाकून तो आपल्या घराची वाट धरतो. ‘कोसला’नंतर सत्तेचाळीस वर्षांनीं नेमाड्यांचा नायक पुन्हां वडिलांकडेच निघाला आहे.