वस्तीची लोकसंख्या आणि बारमाही रस्ता

जमीन, पाणी व हवामान पाहून पीक निवडावे असे आम्ही नेहमी सांगतो. यात आणखी एक बाब जोडली पाहिजे. ती म्हणजे भर पावसाळ्यात आपला माल डांबरी सडकेपर्यंत पोहोचतो का? ही सडक वस्तीपर्यंत येणे, आपल्या वस्तीची माणसे कागदावर किती लागली आहेत यावर बरेचसे अवलंबून असते.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. सपाट भागात किमान ५०० आणि डोंगरी, आदिवासी व वाळवंटी भागात २५० लोकसंख्येच्या वस्तीला बारमाही रस्ता, असा तिचा निकष होता. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यातही सपाट भागासाठी ५०० चाच आकडा असून लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरली आहे. त्यामुळे तेव्हा ४८० असलेली वस्ती आज सातशेवर गेली, तरी कागदावर ती ४८० चीच.

आता २०११ ची मोजणी कशी झाली ते पाहा. ती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. हे वीसही दिवस बाहेरगावी असलेली व्यक्ती स्वतःच्या घरी न मोजता जेथे असेल तेथे मोजावयाची, असा नियम होता. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास निघतात ते मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे ऐन मोजणीच्या वेळी ते कारखान्याच्या तळावर कोपीत होते आणि घरी म्हातारी माणसे व शाळेची मुले. समजा, ५४० माणसांच्या वस्तीतून ४० कोयते, म्हणजे ४० जोडपी, बाहेर गेली. वस्तीची लोकसंख्या ४६० लागली आणि रस्ता हुकला! जून २०२५ च्या अधिसूचनेत पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ दिला असल्याने हा प्रश्न जुना झालेला नाही.

खोटी नावे सांगणे हा यावरील उपाय नव्हे. मात्र मोजणीच्या काळात थोडे दिवस जरी घरी असला, तरी नेहमीचा रहिवासी २०११ मध्ये घरीच मोजला जात होता, हे ध्यानात ठेवावे. दुसरे असे की, ५०० मीटरच्या आतील वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरण्याची तरतूद योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. मराठवाड्यात शेतात राहावयास गेलेल्या भावकीच्या वस्त्या अशाच जवळजवळ असतात. जनगणनेचे छापील आकडे महसुली गावाचे असतात, वस्तीचे नव्हेत. तेव्हा आपली वस्ती यादीत वेगळी दाखवली आहे की शेजारच्या वस्तीशी जोडली आहे, हे ग्रामपंचायतीमार्फत योजनेच्या जिल्हा कार्यालयात तपासून घ्यावे आणि ग्रामसभेत ठराव घ्यावा.

रस्ता होईपर्यंत पीकही त्या बेताने घ्यावे. काळी माती पाण्याने फुगते आणि गाडीचे चाक आसापर्यंत रुतते. अशा ठिकाणी खरिपात टोमॅटो, मेथी, कोथिंबीर करून क्रेट डोक्यावर वाहण्यात नफा उरत नाही. तूर, हरभरा, ज्वारी, कापूस घरात थांबू शकतात. सीताफळाचे तसे नाही. डोळे उघडलेले फळ तोडल्यावर तीन-चार दिवसांत मऊ पडते. म्हणून वाहन ठरल्याशिवाय तोडणी करू नये. दुधाला तर दोन्ही वेळा वाट हवी. ती नसेल तर म्हशीच्या सुमारे ५ लिटर दुधाचा १ किलोच्या आसपास खवा होतो आणि तेवढे वजन पायीही नेता येते. भूम परिसरातील शेतकऱ्यांना हे गणित जुनेच ठाऊक आहे.

शेतापर्यंतच्या वाटेचा प्रश्न निराळा. बांधावरून नवी वाट हवी असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा. वहिवाटीची वाट कोणी नांगरली किंवा अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली दाद मागता येते. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ‘पेरणी उरकू द्या, मग बघू’ म्हणता म्हणता ही मुदत निघून जाते.