चुलीतील निखाऱ्यांचा ढीग

वसतिगृहाच्या भोजनगृहात ज्यांनी पाळीने सरपण फोडले, त्या माजी विद्यार्थ्यांना मोठ्या चुलीची एक खोड आठवत असेल. वरण उतरेपर्यंत जाळ उत्तम चाले. भाकरीची वेळ येताच चूल निखाऱ्यांनी तोंडापर्यंत भरलेली असे. नवे लाकूड आत शिरत नसे, शिरलेच तर धुमसत राही. आम्हांस तेव्हा एकच उपाय ठाऊक होता: फावड्याने निखारे ओढून मागच्या अंगणात टाकणे. तो नुकसानीचा होता हे उशिरा कळले.

लाकूड दोन टप्प्यांत जळते. तापताच त्यातून ज्वलनशील वायू निघतात, त्यांची ज्योत होते. वायू संपले की कोळसा उरतो, तोच निखारा. वजनाने तो वाळलेल्या लाकडाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका, परंतु लाकडातील उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भाग त्यात असतो. निखारे सगळेच फेकले तर तीन मोळ्यांतील एक मोळी वाया गेली. माहूरच्या डोंगरउतारावरून डोक्यावर मोळी आणलेल्या पालकांना याची किंमत आम्ही काय सांगावी!

कोळसा केवळ पृष्ठभागावर जळतो, म्हणून हवा त्याच्यापर्यंत पोहोचावी लागते. वर लाकडे रचत गेलो की आलेली हवा ज्योतच घेऊन टाकते, आणि राखेचा थर निखाऱ्यांना झाकतो. पूर्वी रात्री विस्तव राखेत झाकून ठेवीत व पहाटे तोच फुंकून चूल पेटवीत, ते याच गुणामुळे. रात्री हिताची ही गोष्ट भर स्वयंपाकात अडचणीची होते. बाभूळ, धावडा यांचा निखारा दांडगा. तुराट्या आणि पऱ्हाट्या भडकून संपतात, मागे फारसे ठेवीत नाहीत.

म्हणून ढीग दिसताच जाड लाकूड घालणे थांबवावे. सळईने निखारे हलवून राख झाडावी, ते चुलीच्या तोंडाशी ओढून पातळ पसरावेत आणि वर दोन-चार कोरड्या तुराट्या ठेवाव्यात. त्यांच्या ज्योतीने हवा ओढली जाते व निखारे भरभर खर्ची पडतात. आमच्या स्वयंपाकघरातील मावशींनी तर फेकण्याची वेळच येऊ दिली नाही: तव्यावरून उतरलेली भाकरी त्या निखाऱ्यांसमोर उभी करून फुगवू लागल्या. विज्ञानाच्या तासाला आम्ही जे शिकवीत होतो, ते त्यांच्या हातात आधीच होते.

उरलेले निखारे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात कोंडावेत. हवा तुटली की ते विझतात, आणि कोळसा पुन्हा शेगडीला, इस्त्रीला येतो. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामाबद्दल पुण्याच्या ‘आरती’ संस्थेला 2002 साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. आम्ही मात्र तयार कोळसा उकिरड्यावर टाकीत होतो, तोही जिवंत, कडब्याच्या गंजीपासून हाकेच्या अंतरावर.

याहून गंभीर चूक एका थंडीत घडली. मुलांनी घमेल्यात निखारे भरून निजण्याच्या खोलीत नेले आणि दारे-खिडक्या लावून घेतल्या. धूर नव्हता, म्हणून कोणास भीती वाटली नाही. पहाटे दोघांचे डोके विलक्षण दुखत होते, एकास उलटी झाली. मोकळ्या हवेत आणल्यावर ते सावरले. निखाऱ्यांवर निळसर ज्योत नाचते, ती कार्बन मोनॉक्साइड वायूची. हवा अपुरी पडली की तो न जळता खोलीत पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो झोपेतच गाठतो. बाळंतिणीच्या खोलीत आजही शेकासाठी शेगडी ठेवणारी घरे आपल्यात आहेत. त्यांनी शेक चालू असताना दार आणि खिडकी उघडी ठेवावी, आणि शेक होताच, आई व बाळ निजण्यापूर्वी, शेगडी अंगणात काढावी.