कापड वाढले, मग काम का घटले?



आपल्या शाहूपुरीपासून शाहू मिल फार लांब नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ साली तिची सुरुवात झाली आणि २००३ साली ती बंद पडली. गिरणी बंद पडली की कामगार बेकार होतो, हे कुणालाही समजते. पण आजचा प्रश्न जरा अवघड आहे. धंदा चालू आहे, कापडही वाढतंय, तरी हाताला काम नाही, असं होऊ शकतं का? होऊ शकतं. उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे.

धोटा गेला, कांडी गेली

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. पुढे हे गाव 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणून ओळखले जाऊ लागले.

कापडात उभा धागा असतो तो ताणा आणि आडवा असतो तो बाणा. साध्या मागावर बाण्याचा धागा धोटा घेऊन जातो. धोट्यात सुताची कांडी असते. ती संपली की दुसरी घालावी लागते. म्हणजे माग चालवणारा हवा आणि कांड्या भरणारेही हवेत. कांड्या भरायच्या कामावर कितीतरी बायकांचे घर चालते.

आता एअरजेट माग बघा. त्यात धोटाच नाही. हवेच्या झोताने धागा पलीकडे जातो. धोटा नाही म्हणून कांडी नाही, आणि कांडी नाही म्हणून ती भरणारीला काम नाही.

गणित करून बघू

आकडे फक्त हिशेबासाठी घेऊ. साधा माग मिनिटाला १५० आडवे धागे टाकतो आणि एक कामगार ६ माग सांभाळतो. म्हणजे ९०० धागे. एअरजेट ६०० धागे टाकतो आणि एक कामगार ८ माग सांभाळतो. म्हणजे ४८०० धागे.

साध्या मागावर १६ कामगार मिळून मिनिटाला १४,४०० धागे टाकतात. नव्या मागावर तेवढ्यालाच ३ कामगार पुरतात. कापड दुप्पट केले तरी ६ पुरे. उत्पादन दुप्पट झाले, पण १० जण घरी बसले! यालाच 'रोजगाराविना वाढ' म्हणतात.

मग यंत्र नकोच का?

तसं नाही. नव्या मागाचे कापड एकसारखे निघते आणि बाहेरच्या बाजारात टिकते. माग जुनेच ठेवले तर बाजार हातचा जातो, आणि मग सगळेच काम जाते. खरी अडचण वेगळी आहे. साध्या मागावरचा बहुतेक कामगार विणलेल्या मीटरवर मजुरी घेतो. माग बंद तर मजुरी बंद. पन्नाशीला आलेल्या माणसाने अचानक नवे काम कुठून शिकायचे?

म्हणून यंत्र येण्याआधी प्रशिक्षण यायला हवे. दुसरे म्हणजे, नुसते कापड विकण्यापेक्षा त्याचे शर्ट, परकर, गणवेश इथेच शिवले तर जास्त हात लागतात, कारण शिलाईला आजही माणूस लागतोच. कांडीवरच्या बाईला शिलाईचे काम मिळाले, तर कापडाची वाढ तिच्या घरापर्यंत पोचली असे म्हणता येईल.

स्वाध्याय

१. ताणा आणि बाणा यांतला फरक सांगा.
२. कापड तिप्पट झाले तर वरच्या गणितात किती एअरजेट कामगार लागतील?
३. तुमच्या घरात किंवा गल्लीत यंत्रामुळे कोणाचे काम बदलले? त्यांना विचारून पाच ओळी लिहा.