दुखऱ्या हातांची वेणीफणी

वेणी घालायला काय लागते? तेल लागते, फणी लागते. आणि दोन धड हात लागतात. हात डोक्याच्या मागे न्यावे लागतात. बोटांत केसांचे तीन पेड धरावे लागतात. संधिवात झालेल्या बाईला नेमके हेच जमत नाही.

संधिवात अनेक तऱ्हेचा असतो. एका तऱ्हेत दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजतात. सकाळी उठावे तर हात आखडलेले. मूठ वळत नाही. तास-दीड तासाने बोटे सैल पडतात. हा रोग पुरुषांपेक्षा बायांना जास्त होतो, तरण्या बायांनाही होतो. म्हणून म्हातारपण आले, असे म्हणून गप्प बसू नये. औषध लवकर सुरू केले, तर सांधे वाकडे होण्याचे पुष्कळ टळते.

सकाळी उठल्याउठल्या फणी हातात घेऊ नका. आधी हात कोमट पाण्यात बुडवून ठेवा. नाही तर दुपारी विंचरा. रोज सकाळीच वेणी झाली पाहिजे, असे कुठे लिहिले आहे?

आपल्या लाकडी फणीला मूठ नसते. ती चिमटीत धरावी लागते, आणि चिमटीनेच बोटे जास्त दुखतात. त्यापेक्षा विरळ दातांचा, दांडीचा कंगवा घ्या. दांडीवर जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळा, वरून दोरा बांधा. दांडी जाड झाली की ती सगळ्या पंजाने धरता येते. हात वर जातच नसेल, तर दांडीला बांबूची हलकी कामटी बांधून ती लांब करा.

भिंतीला टेकून बसा. मांडीवर गोधडीची वळकटी घ्या. तिच्यावर कोपर टेका आणि मान थोडी खाली करा. हात डोक्यापर्यंत नेण्याऐवजी डोके हाताकडे आणायचे. सगळे केस एका खांद्यावरून पुढे घ्या आणि तिथेच सैल वेणी घाला. अंबाडा सणावारी, तोही लेकीने किंवा सुनेने घालावा.

नहायच्या आधी केसांना तेल लावून गुंता काढा. टोकाकडून सुरुवात करा, मग वर या. शिकेकाईचे पाणी गाळून घ्या, म्हणजे फार चोळावे लागत नाही. भरला तांब्या मनगटाला जड जातो. लहान भांडे घ्या, तेही अर्धेच भरा. ओले केस पिळू नका, जुन्या मऊ धडप्यात दाबून टिपा.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट सांगतो. हात दुखतो म्हणून महिना महिना विंचरले नाही, तर तेल, घाम आणि धूळ यांनी केस चिकटतात. त्यांची जट होते. मग शेजारीण म्हणते, "काकू, ही देवीची जट. हिला कात्री लावू नका हं!"

सून म्हणते, "देवी कुठली, वहिनी? आत्याबाईंचा हात वर जात नाही. महिन्यात डोक्याला फणी लागली नाही."

सुनेचे खरे आहे. जटेचे ओझे मानेला होते, तिच्यात उवा होतात. सुटत नसेल तर ती कापावी. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या बायांनी अशा पुष्कळ जटा कापल्या आहेत. कोणावर कसला कोप झाला नाही. ज्या बाईला केस आखूडच बरे वाटतात, तिने ते खांद्याइतके ठेवावेत. दुखते तिचे, तर ठरवायचेही तिनेच.

या रोगावरच्या काही गोळ्यांनी केस थोडे गळतात. घाबरून गोळी बंद करू नका. डॉक्टरांना सांगा. आणखी एक. यातली एक गोळी आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची असते. ती रोज घेतली तर जिवावर बेतते. तुम्हाला आता वाचता येते. चिठ्ठीवर कोणता वार आहे तो वाचा. लिहिलेला नसेल, तर तिथेच उभे राहून डॉक्टरांकडून लिहून घ्या.