जिभेचा जमाखर्च

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तजयंती जवळ आली की पुष्कळ घरांत श्रीगुरुचरित्राचा सप्ताह बसतो. सोवळे, हविष्यान्न, चटईवर झोप, वाचताना मध्ये न बोलणे हे सगळे आपण सात दिवस काटेकोर पाळतो. पण आठव्या दिवशी काय? माझी तर चौथ्याच दिवशी परीक्षा झाली.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले २४ गुरू सांगितले आहेत. हा अवधूत म्हणजे दत्तमहाराजच, अशी आपली श्रद्धा. त्या गुरूंत पतंग रूपाला भुलतो, हत्ती स्पर्शाला, हरीण गाण्याला आणि मासा चवीला. गळाच्या आमिषापायी मासा जीव गमावतो. अवधूत पुढे सांगतो, जेवण सोडले की बाकीची इंद्रिये थंडावतात, जिभेची ओढ मात्र उलट वाढते. ती जिंकली नाही तोवर बाकी सगळी जिंकूनही माणूस जितेंद्रिय होत नाही.

दोन वर्षांपूर्वी सप्ताहाच्या चौथ्या दिवशी आमटी अळणी झाली म्हणून मी ताट बाजूला सारले आणि सूनबाईला नको ते बोललो. पहाटे पाचला उठून, नोकरी सांभाळून ती माझे सोवळ्यातले करत होती. बिचारी काही न बोलता आत गेली. भागवतात गोष्ट चवीची आहे, पण चव आणि शब्द दोन्ही एकाच जिभेचे. दुसऱ्या दिवशी पोथीपुढे बसलो, तर ओवी पुढे सरकेना. उठलो आणि तिला म्हटले, “बाळ, चुकलं माझं.” ती एवढेच म्हणाली, “बाबा, आधी वाचन पुरं करा.”

बँकेत ३४ वर्षे नोकरी केली. एक रुपयाचा फरक निघाला तरी कॅश टॅली झाल्याशिवाय घरी जाता येत नसे. तोच नियम आता जिभेला लावलाय. रात्री निजण्याआधी वहीत दोन रकाने भरतो: चवीपायी जास्त काय खाल्ले आणि रागाच्या भरात कोणाला काय बोललो. खाण्यात चूक झाली तर उद्या गोड बंद. बोलण्यात झाली तर उद्याचा पहिला चहा घ्यायच्या आत माफी मागायची.

मंडळी, नेम एकच घ्यावा, लहान घ्यावा, पण सप्ताह संपला म्हणून सोडू नये. माझे रकाने अजून रोज कोरे राहत नाहीत. परवाच भाजीवाल्याशी वाजले! पण सकाळी त्याच्याकडे जाऊन आलो, मगच चहा घेतला.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!